आहे तो सायकलस्वार

नागरिकांना सायकलीकडे वळवावे हा विचार आता जगातल्या बहुतेक पुढारलेल्या नगरपालिकांनी स्वीकारला आहे. त्यासाठी मोहिमा आखल्या जातात, रविवारी सकाळी फेऱ्या निघतात, हिरवा झेंडा दाखविला जातो, टोप्या व सदरे वाटले जातात, आणि एरवी मोटारीने कचेरीस जाणारे अधिकारी त्या दिवशी सायकलीवर आले याची छायाचित्रे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत झळकतात. या खटाटोपामागची सदिच्छा खरी असते व तिचा आदरच केला पाहिजे. तथापि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातून या प्रश्नाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते की, सायकल सोडून गेलेल्या माणसाला परत कसे आणावे या विवंचनेत, जो अजून सायकलीवरच आहे त्याचे कसे चालले आहे, ही विचारपूस करावयाची राहूनच जाते. प्रस्तुत प्रकरण त्या मागे राहिलेल्या माणसाविषयी आहे. कारण नगराची सायकल-मोहीम त्याच्यापासून सुरू झाली तरच ती टिकते, असे आमचे मत आहे.

वैनगंगेचा सपाट मुलूख

नागपूरहून पूर्वेस सुमारे ६० किलोमीटरांवर, वैनगंगेच्या काठी वसलेल्या भंडारा गावास १८६७ मध्ये नगरपालिका मिळाली. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ९२ हजार आणि जिल्ह्याची १२ लाख भरली. शहराचा विस्तार असा की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर चार-पाच किलोमीटरांहून क्वचितच अधिक भरावे. म्हणजे गांधी चौकातून निघालेला मनुष्य, त्याने फारशी घाई केली नाही तरी, पंधरा-वीस मिनिटांत शहरातल्या कोणत्याही कचेरीत, शाळेत, बाजारात किंवा दवाखान्यात सायकलीने पोहोचू शकतो. उत्तरेकडे तुमसरच्या बाजूस सातपुड्याचे फाटे सोडले तर बहुतेक प्रदेश धानाच्या बांध्यांचा, तलाव-बोड्यांचा आणि सखल. चढ-उतार इतके थोडे की गिअर नसलेल्या, वजनदार, काळ्या सायकलीलाही त्यांचे काही वाटू नये.

अशा प्रदेशात सायकल रुजली हे स्वाभाविकच होते. रेल्वेचे भंडारा रोड हे स्थानक शहरात नाही, दहाएक किलोमीटरांवरच्या वरठीस आहे. त्यामुळे गाडी गाठावयाची म्हणजे आधी वरठी गाठणे आले. जवाहरनगरची आयुध निर्माणी, वरठीचा पोलाद कारखाना, तुमसरचा धान्यबाजार, चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी ही सारी ठिकाणे अशी की, ज्यांना तेथे पाळीवर अथवा मजुरीवर जावयाचे त्यांची घरे आसपासच्या खेड्यांत विखुरलेली. सकाळी कारध्याच्या बाजूने नदी ओलांडून शहरात येणाऱ्यांकडे पाहिले तर या वाहनाचा व्यवसायांशी केवढा दाट संबंध आहे हे कळते. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकवून येणारा दूधवाला, ओल्या पोत्याखाली मासळीची टोपली झाकून आणणारा ढिवर, दांड्याला थापी-ओळंब्याची पिशवी अडकविलेला गवंडी, सायकलीवर भाजीची गाठोडी बांधलेली म्हातारी व ती सायकल हातात धरून चालणारा नातू, आणि या सर्वांमधून वाट काढीत, दप्तर पुढच्या टोपलीत ठेवून जाणाऱ्या शाळकरी मुली. यांपैकी कोणीही पर्यावरणरक्षणाच्या हेतूने निघालेला नसतो. काम, शिक्षण आणि पोट यांसाठीच तो निघालेला असतो. आणि पर्यावरणाचे जे रक्षण मोठ्या शहरांना कोट्यवधी रुपये खर्चून साधावयाचे आहे, ते त्याच्या हातून रोज, विनामूल्य व विनाप्रसिद्धी घडत असते.

यंत्राचा महिमा

या साध्या दिसणाऱ्या यंत्राला आजचे रूप येण्यास सुमारे ७० वर्षे लागली. १८१७ मध्ये जर्मनीतील कार्ल फॉन ड्राइस याने एकामागे एक अशी दोन चाके लाकडी दांड्याने जोडून, पायांनी जमीन रेटीत चालवावयाचे वाहन रस्त्यावर आणले. त्याला पायंडल नव्हते. पुढे १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकालाच पायंडल बसविण्यात आले, आणि वेग वाढविण्याच्या हव्यासाने ते चाक इतके मोठे होत गेले की त्यावर चढणे हेच एक साहस होऊन बसले. १८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाके जवळजवळ सारखी ठेवून, साखळीने मागचे चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल बनविली. आणि १८८८ मध्ये बेलफास्टचा पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला. साखळी आणि हवा यांचा संयोग झाला तेव्हा सायकल खऱ्या अर्थाने सामान्य माणसाचे वाहन झाली. भंडाऱ्याच्या रस्त्यावरून आज जाणारी सायकल तत्त्वतः त्याच घडणीची आहे.

या घडणीचे सामर्थ्य पुढे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले. ऑक्सफर्डचे अभियंते एस. एस. विल्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, विशिष्ट वजन विशिष्ट अंतर नेण्यास लागणाऱ्या ऊर्जेचा हिशेब मांडला तर सायकलीवर बसलेला मनुष्य चालणाऱ्या, धावणाऱ्या व उडणाऱ्या सर्व प्राण्यांहून आणि यंत्रवाहनांहूनही काटकसरीचा ठरतो. चालताना जेवढी शक्ती खर्ची पडते तिच्या सुमारे पंचमांश शक्तीत तो तेच अंतर तोडतो, आणि तेही तिप्पट-चौपट वेगाने. धान रोवणीच्या दिवसांत आठ-नऊ तास चिखलात वाकून काम करणाऱ्या शरीराच्या दृष्टीने या पंचमांशाचा अर्थ फार मोठा आहे. संध्याकाळी घरी पोहोचल्यावर अंगात जी थोडी ताकद शिल्लक उरते, ती या यंत्राने वाचविलेली असते.

स्वातंत्र्यानंतर देशातच मोठ्या प्रमाणावर सायकली बनू लागल्या: १९४९ मध्ये मद्रासचा टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतचा अ‍ॅटलास, १९५६ मध्ये लुधियानाचा हीरो हे कारखाने निघाले, आणि सायकल शिक्षक, पोस्टमन, तलाठी व ग्रामसेवक यांच्याबरोबरच हळूहळू कास्तकाराच्या अंगणातही आली. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने गावोगाव होती. ज्यांचे पाय सीटवरून पायंडलापर्यंत पोहोचत नसत अशी मुले दांड्याखालून एक पाय पलीकडे घालून ‘कैची’ मारीत सायकल शिकत. त्या काळी महाराष्ट्रातल्या नगरपालिका व ग्रामपंचायती सायकलीवर कर बसवीत; कर भरल्याची खूण म्हणून क्रमांकाचा धातूचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा मागे दुसरा माणूस बसविला म्हणजे पोलीस दंड करीत. हा जाच लोकांना नकोसा होता आणि तो गेला हे बरेच झाले. परंतु त्याबरोबर एक गोष्ट नकळत नाहीशी झाली. बिल्ल्याच्या निमित्ताने नगरपालिकेच्या दप्तरात सायकलींची नोंद होती. गावात सायकली किती आहेत हे कारभाऱ्यांना ठाऊक असे. कर गेला, नोंदही गेली. आणि ज्याची दप्तरात नोंद नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, हा कारभाराचा जुना शिरस्ता आहे.

मुलीच्या हातातले हँडल

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात अलीकडच्या काळातली सर्वांत परिणामकारक सायकल-मोहीम कोणती, असे विचारले तर तिचे नाव सायकलीवरून पडलेले नाही. राज्य शासनाने मानवी विकासाच्या दृष्टीने मागे पडलेल्या तालुक्यांसाठी मानव विकास कार्यक्रम हाती घेतला, आणि २०११-१२ पासून त्याची व्याप्ती २२ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांपर्यंत वाढविली. या कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीत शिकणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य मिळते. त्याहून दूरच्या मुलींसाठी एस. टी. महामंडळाच्या निळ्या बसगाड्या धावतात. सायकलीसाठीची रक्कम पूर्वी ३,५०० रुपये होती, ती २०२२ मध्ये ५,००० करण्यात आली. ही योजना आखणाऱ्यांनी सायकलीचा प्रचार करावा असे कोठेही म्हटलेले नाही. त्यांना मुलगी शाळेत टिकावयास हवी होती. पण झाले असे की, मोठ्या शहरांच्या मोहिमांना ज्या वयाचा व ज्या वर्गाचा सायकलस्वार सहसा मिळत नाही, तो या योजनेने खेड्याखेड्यांतून रस्त्यावर आणला.

आठवीपासूनचे वळण आपल्याकडे मुलीच्या शिक्षणात मोठे अवघड असते. प्राथमिक शाळा गावात असते, पण माध्यमिक शाळा दुसऱ्या गावी. तीन-चार किलोमीटर चालत जाणे मुलीला अशक्य नसते. पण जाण्यायेण्यात रोजचे दोन तास मोडतात, पावसाळ्यात नाले भरतात, संध्याकाळी परतावयास उशीर होतो, आणि मग एखाद्या दिवशी घरातले वडीलधारे सहज म्हणून जातात की, आता पुरे झाले, पोरगी घरी राहिलेली बरी. हा निर्णय क्रौर्यातून होत नाही, काळजीतून होतो. म्हणूनच तो मोडून काढणे कठीण असते. सायकल या काळजीलाच उत्तर देते. ज्या अंतराला पाऊण-एक तास लागत होता त्याला पंधरा मिनिटे लागतात, चार-पाच मैत्रिणी एकत्र निघतात, आणि ऊन कलण्याच्या आत घरी पोहोचतात.

बिहारमध्ये २००६ मध्ये सुरू झालेल्या अशाच योजनेचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी केला तेव्हा माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे व मुलगे-मुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. आणि विशेष म्हणजे ही वाढ शाळेपासून तीन किलोमीटरांहून दूर असलेल्या गावांत अधिक होती. त्याहीपूर्वी, १९९० च्या दशकाच्या प्रारंभी, तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी साक्षरता मोहिमेला स्त्रियांच्या सायकल-शिक्षणाची जोड दिली होती. शेतमजूर, खाणीतल्या कामकरी व परिचारिका अशा हजारो स्त्रिया तेथे सायकल शिकल्या. बँकांनी त्यांना सायकलीसाठी कर्जे दिली. बायकांच्या सायकली तेव्हा पुरेशा मिळत ना, तेव्हा पुरुषांच्या सायकली आल्या. आणि अनेकींना त्याच अधिक पसंत पडल्या, कारण त्यांच्या आडव्या दांड्यावर मूल बसविता येत होते. साधन हातात पडले म्हणजे माणसे ते आपल्या गरजेप्रमाणे कसे वळवून घेतात याचे हे मोठे बोलके उदाहरण आहे.

शेजारच्या व दूरच्या शहरांचा अनुभव

केंद्राच्या नगरविकास खात्याने जून २०२० मध्ये ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ या नावाची स्पर्धा जाहीर केली. शंभराहून अधिक शहरांनी तीत नाव नोंदविले, आणि पुढे निवडलेल्या ११ शहरांत महाराष्ट्रातील नागपूर व पिंपरी-चिंचवड यांचा समावेश झाला. प्रत्येकास एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर झाले. या स्पर्धेतील एक पद्धत विशेष अनुकरणीय होती: पाहणी करणाऱ्याने टेबलाशी बसून नकाशा रंगवावयाचा नाही, स्वतः सायकलीवर बसून रस्ता आक्रमावयाचा, आणि कोठे भीती वाटली, कोठे सायकल उतरून ढकलावी लागली, कोठे वाट संपली, याची टिपणे करावयाची. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी राज्यात माझी वसुंधरा अभियान सुरू झाले. पंचमहाभूतांवर आधारलेल्या या अभियानात वायूच्या रक्षणाचा जो भाग आहे, त्यात लहान नगरपरिषदा व ग्रामपंचायतींनाही बरेच करता येण्यासारखे आहे.

परंतु नुसत्या योजनेने काय होते व काय होत नाही हे पाहावयाचे तर पुण्याकडे पाहावे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ज्याची देशभर ख्याती होती त्या पुण्याने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ८०० किलोमीटरांहून अधिक मार्गांचे जाळे कल्पिले होते. त्याच वर्षाअखेरीस भाड्याच्या सामायिक सायकलीही रस्त्यांवर आल्या आणि दोन-तीन वर्षांत बव्हंशी दिसेनाशा झाल्या. दरम्यान, ज्या कामगारांच्या व विद्यार्थ्यांच्या सायकलींनी ती ख्याती मिळवून दिली होती, ते तुटक मार्ग, फेरीवाल्यांनी व उभ्या मोटारींनी अडविलेल्या पट्ट्या आणि धोकादायक चौक यांना कंटाळून स्कूटर-मोटारसायकलीकडे गेले होते. देशभरची दिशाही तीच आहे: २००१ च्या जनगणनेत शंभरांतील सुमारे १२ कुटुंबांकडे यांत्रिक दुचाकी होती, २०११ मध्ये २१ कुटुंबांकडे. सायकल मात्र त्याही वेळी ४५ कुटुंबांकडे होती.

याच्या उलट स्पेनमधील सेव्हिल. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जाणारे हे शहर सायकलीसाठी अगदी अयोग्य, असेच कोणीही म्हटले असते. तेथे २००६ ते २०१० या काळात सुमारे १२० किलोमीटरांचे, एकमेकांना जोडलेले व मोटारींपासून कठड्याने वेगळे केलेले मार्ग सलग बांधण्यात आले, आणि शंभर प्रवासांत एकाहूनही कमी असलेला सायकलीचा वाटा सहा-सातांपर्यंत चढला. हॉलंडची कथा याहून गंभीर आहे. तेथे १९७१ मध्ये रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मरण पावली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. आयाबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांच्या हत्या थांबवा’ असा पुकारा झाला, पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले, आणि त्या दबावातून आजचे डच सायकलमार्ग उभे राहिले. दोन्ही ठिकाणचा निष्कर्ष एकच: माणसे उपदेशाने सायकलीवर बसत नाहीत, निर्धास्त वाटले म्हणजे बसतात.

भंडाऱ्याने काय करावे

यावरून भंडाऱ्यासारख्या नगराच्या मोहिमेचा क्रम ठरविता येतो, आणि तो खर्चिकही नाही. ज्या रस्त्यांवरून रेतीचे टिप्पर, धानाचे ट्रॅक्टर आणि राष्ट्रीय महामार्गावरचे जड ट्रक जातात, त्यांच्या कडेची खडबडीत साइडपट्टी हीच आज सायकलस्वाराची वाट आहे. ती पक्की, सपाट व सलग करणे, आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी शाळांजवळच्या चौकांत जड वाहनांना मनाई करणे, हे पहिले काम. दुसरे सावलीचे. पूर्व विदर्भाच्या वैशाखात उघड्या डांबरावरून सायकल हाकणे म्हणजे काय हे अनुभवल्याखेरीज कळत नाही. रुंदीकरणात तोडलेल्या झाडांच्या जागी कडुनिंब, करंज, चिंच लावून ती जगविणे हाच येथला खरा सायकलमार्ग होय. तिसरे काम वरठीच्या स्थानकावर, बसस्थानकात व कचेऱ्यांच्या आवारात छपराखालची, पहाऱ्याची सायकल-जागा ठेवण्याचे. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली सहज उभ्या राहतात, आणि चोरीचे भय गेले की सायकल रेल्वेशी जोडली जाते.

चौथे काम सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही, ते दुरुस्तीचे. मुलीला शासनाकडून सायकल मिळते. पण एखाद्या दुपारी बाभळीचा काटा टायरमध्ये शिरतो आणि पंक्चरवाला त्या गावात नसतो. त्याचे काम पाहण्यासारखे असते. तो पान्याच्या टोकाने टायरची कड उचलून ट्यूब ओढून काढतो, हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात बोटाबोटाने फिरवितो, बुडबुडे निघाले की तेथे खूण करतो, जागा पुसून पॉलिश पेपरने खरवडतो, सोल्यूशन लावून ते सुकू देतो, मग रबराची चकती चिकटवून हातोडीने ठोकतो. आणि एवढे झाल्यावरही टायरच्या आत बोट फिरवून काटा निघाला की नाही हे पाहिल्याखेरीज ट्यूब आत घालीत नाही. ही विद्या आठवीतल्या मुलीला एका दुपारी शिकविता येते. प्रत्येक माध्यमिक शाळेत एक हवेचा पंप, दोन पाने, घमेले आणि शिकविणारा एक कारागीर एवढी तरतूद केली, तर योजनेतून मिळालेल्या सायकली गंजत पडण्याऐवजी बारावीपर्यंत चालतील. आणि ज्या कारागिरांचा धंदा मोटारसायकलींनी बसविला त्यांनाही काम मिळेल.

पाचवे काम प्रतिष्ठेचे. आपल्या समाजात सायकल ही गरिबीची खूण मानली जाते. नोकरी लागली की पहिल्या पगारातून हप्त्यावर मोटारसायकल घेणे हा जणू रिवाजच झाला आहे. ही भावना फलकांनी जात नाही. अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक, नगरसेवक यांनी वर्षातून एक दिवस नव्हे तर रोजच्या कामास सायकल वापरली, आणि कचेरीच्या दारात सायकलीने आलेल्या माणसाला मोटारीने आलेल्याइतक्याच अदबीने वागविले गेले, तरच ती जाईल. राष्ट्रीय नगर वाहतूक धोरणाने २००६ मध्येच म्हटले आहे की, रस्त्यांची योजना वाहनांसाठी नव्हे, माणसांसाठी व्हावी. ते वचन पाळावयाचे तर माणसाची किंमत त्याच्या वाहनावरून करणे प्रथम सोडावे लागेल.

आणि या सर्वांच्या आधी मोजदाद हवी. जुना बिल्ला परत आणावयाचा नाही, कर तर मुळीच नाही. पण नगरपरिषदेने वर्षातून चार वेळा, वेगवेगळ्या ऋतूंत, ठरावीक पुलांवर, चौकांत व शाळांच्या दारांत उभे राहून किती सायकली गेल्या, त्यांत स्त्रिया किती, मुली किती, म्हातारे किती, याची नोंद करावी व ती सर्वांसमोर मांडावी. फेरीला किती लोक आले यावरून मोहिमेची परीक्षा होऊ नये. गेल्या वर्षी सायकलीवर असलेला दूधवाला, गवंडी व कामगार यंदाही सायकलीवर आहे काय, तो अपघातातून वाचला आहे काय, आणि आठवीत सायकल मिळालेली मुलगी बारावीनंतरही, महाविद्यालयात जाताना, नोकरीवर जाताना, पुढे आपल्या मुलाला शाळेत सोडताना, सायकलीवर दिसते काय, हे प्रश्न विचारले जावेत. त्यांचे उत्तर होकारार्थी येईल त्या वर्षी नव्या सायकलस्वारांची चिंता नगराला करावी लागणार नाही. जुन्यांना निर्धास्तपणे जाताना पाहून ते आपण होऊन येतील.